सातासमुद्रापार गेलेली घरे

चेन्नईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर मांबलम नावाचे स्थानक आहे. स्थानकाच्या पूर्वेला त्यागराय नगर, म्हणजे शहरातील सर्वांत गजबजलेली बाजारपेठ. तेथील रंगनाथन स्ट्रीटवर सणासुदीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. रुळांच्या पश्चिमेला उतरले की वेस्ट मांबलम लागते. तमिळ माणसे त्याला 'मेर्कु मांबलम' म्हणतात. येथे मोठी दुकाने कमी आणि लहान रस्ते, देवळे व राहती घरे अधिक. आर्य गौडा रोडवरील अयोध्या मंडपात रामनवमीला प्रवचने आणि संगीताच्या बैठकी होतात. जवळच लेक व्ह्यू रोड नावाचा एक रस्ता आहे. या रस्त्यावरून आज कोणतेही तळे दिसत नाही. १९२० च्या दशकात येथील मोठे तळे आटवून त्या जमिनीवर त्यागराय नगर वसवले गेले. तळे गेले, नाव तेवढे उरले.

या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या कोण राहत आले, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट उमगणार नाही. तंजावर, कुंभकोणम, तिरुनेलवेली अशा भागांतून नोकरीसाठी मद्रासला आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. कोणी महालेखापालांच्या कार्यालयात कारकून, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत वा आयुर्विमा महामंडळात, कोणी शाळामास्तर, तर कोणी पौरोहित्य करणारे. एका आवारात पाच-सहा बिऱ्हाडे, मध्ये सामाईक विहीर, पहाटे दारासमोर तांदळाच्या पिठाची कोलम, अशी घरांची रचना. पुण्याच्या पेठांतील वाडा किंवा गिरगावातील चाळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. घरात पैसा बेताचा, पण मुलांच्या गणिताकडे आणि इंग्रजीकडे बारीक लक्ष. शाळा संपली की मुलांना टंकलेखन व लघुलेखनाच्या वर्गाला घातले जाई. त्या विद्येच्या बळावर दक्षिणेतील असंख्य तरुण मुंबईला येऊन माटुंग्यात राहिले आणि बोरीबंदरच्या कचेऱ्यांत टंकलेखक झाले. मद्रासहून मुंबई हाच त्या पिढीचा लांबचा प्रवास होता.

आज याच गल्ल्यांत अशी घरे मोठ्या संख्येने आढळतात, की ज्यांतील मुलगा न्यू जर्सीत, मुलगी कॅलिफोर्नियात आणि निवृत्त आई-वडील दोन वर्षांतून एकदा सहा महिन्यांसाठी तिकडे जाऊन येतात. ज्या आजीने आयुष्यात तिरुपती आणि काशीपलीकडे गाव पाहिले नव्हते, तिच्या पारपत्रावर तीन-तीन देशांचे शिक्के दिसतात. एका साध्या कारकुनी वस्तीत हा बदल साधारणपणे एका पिढीच्या अवधीत घडला. तो कसा घडला, त्यामागे माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगाचा हात किती आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहू.

प्रथम, पूर्वी काय अडचण होती ते पाहिले पाहिजे. सर्वांत जुनी अडचण धर्माची. समुद्र ओलांडला की जात जाते, ही समजूत उच्चवर्णीय समाजात खोलवर रुजली होती. महाराष्ट्रात तिला 'सिंधुबंदी' असे नाव होते. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी यांना आप्तस्वकीयांचा केवढा रोष पत्करावा लागला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. मद्रासमध्येही निराळे नव्हते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांना केंब्रिजचे बोलावणे आले तेव्हा त्यांच्या आईचा विरोध होता. कुलदेवता नामगिरीने स्वप्नात येऊन अनुमती दिल्याचे तिने सांगितले आणि मगच १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन मद्रासहून बोटीने निघाले. वेस्ट मांबलममधील आजच्या आज्या ज्या घरांतून आल्या, त्या घरांचे वळण हेच होते. मात्र धर्माची ही अडसर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीचशी गळून पडली.

दुसरी अडचण सरकारी कागदाची. पारपत्र देणे वा नाकारणे ही स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे सरकारच्या मर्जीची बाब होती. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग सोहनी यांच्या खटल्यात असा निर्णय दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय तो हिरावता येत नाही. त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. हक्क मिळाला, हे खरे. परंतु हक्क असणे आणि तो वापरता येणे यांत अंतर असते.

ते अंतर होते पैशाचे, आणि तेही रुपयांचे नव्हे, डॉलरचे. देशाजवळ परकीय चलन फार थोडे होते. साठच्या दशकात परदेशी निघालेल्या सामान्य प्रवाशाला बरोबर जेमतेम आठ डॉलर नेता येत. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे 'फेरा', याने चलनावरील बंधने आणखी कडक केली. परदेशातील कोणी खर्चाची हमी घेतली तरच प्रवास शक्य होई. साहजिकच जो परदेशी जाई तो शिष्यवृत्ती मिळवलेला विद्यार्थी असे, बड्या व्यापारी घराण्यातला असे किंवा सरकारी शिष्टमंडळातला. त्याला निरोप द्यायला सारी गल्ली मीनंबाक्कमच्या विमानतळावर लोटे, गळ्यात हार घातले जात आणि वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमीही येई.

१९६५ मध्ये अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला. तेव्हापासून भारतीय डॉक्टर, अभियंते व प्राध्यापक तिकडे जाऊ लागले. पण ते संख्येने थोडे होते आणि बहुतेक तिकडचेच झाले. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत कामगारांना मागणी आली. केरळातून, तमिळनाडूतून आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातूनही हजारो माणसे दुबई, कुवेतला गेली. या लोकांनी देशाला पैसा पुष्कळ पाठवला. परंतु ठरावीक पगाराच्या खाली असणाऱ्या कामगाराला तेथे बायकोमुलांना बोलावण्याची परवानगी नसे. गवंडी दुबईत आणि त्याची आई राजापुरात, असा तो व्यवहार. माणूस परदेशी गेला, घर गेले नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगाने जे निराळे केले ते येथे आहे.

हा उद्योग प्रवासाशी कसा जोडला गेला? याचे उत्तर संगणकांच्या दुर्मीळतेत आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत भारतात संगणक फार थोडे होते. ते आयात करायचे तर परवाना आणि भरमसाट जकात. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये अमेरिकेतील बरोज या संगणक कंपनीसाठी काम हाती घेतले. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. अशा कंपन्यांजवळ यंत्रे नव्हती, हुशार माणसे होती. उपग्रहाद्वारे काम पाठवण्याची सोयही तेव्हा नव्हती. तशी जोडणी घेऊन टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी बंगळुरूला आली ती १९८५ मध्ये. तोपर्यंत एकच मार्ग होता. यंत्र येथे आणता येत नसेल, तर माणसाने यंत्राकडे जायचे. अमेरिकन ग्राहकाच्या कचेरीत सहा महिने, वर्षभर बसून काम उरकायचे आणि परतायचे. म्हणजे परदेशप्रवास हा या उद्योगात बढतीनंतर मिळणारा मान नव्हता. तो कामाचाच एक भाग होता. तिकीट कंपनी काढी, व्हिसाची कागदपत्रे कंपनी करी आणि तिकडे गेल्यावर डॉलरही कंपनीच देई. आठ डॉलरचा प्रश्न अशा रीतीने बाजूला पडला.

१९९१ साली देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली, सोने गहाण ठेवावे लागले आणि आर्थिक धोरण बदलले. सॉफ्टवेअरच्या निर्यातीला उत्तेजन देणारी संस्था, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया, त्याच वर्षी स्थापन झाली. योगायोग असा, की अमेरिकेने १९९० च्या कायद्याने 'एच-वन-बी' नावाचा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा सुरू केला होता. पदवीधर तज्ज्ञाला तो मिळे, त्याची मुदत जास्तीत जास्त सहा वर्षे, आणि वर्षाला असे ६५,००० व्हिसा देण्याची मर्यादा. महत्त्वाचे म्हणजे, या व्हिसावर जाणाऱ्याला पत्नी वा पती आणि मुले बरोबर नेता येत. आखातातील गवंड्याला जे मिळाले नाही, ते वेस्ट मांबलमच्या प्रोग्रामरला मिळाले.

मग दोन हजार सालचा प्रश्न उभा राहिला. जुन्या संगणकांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिले जात. १९७५ ऐवजी ७५. वर्ष २००० उजाडले की '००' म्हणजे १९०० असे यंत्र समजेल आणि बँकांचे, विम्याचे हिशेब कोलमडतील, अशी धास्ती होती. हे कार्यक्रम बहुधा कोबोल या जुन्या संगणकभाषेत लिहिलेले होते. लक्षावधी ओळी तपासून दुरुस्त करायच्या, हे काम कंटाळवाणे, पण चिकाटीचे. अमेरिकेत त्यासाठी माणसे पुरेनात. भारतात मात्र ती तयार होत होती. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. ऐंशीच्या दशकातच तमिळनाडूतही तसेच झाले. जोडीला गल्लोगल्ली संगणकाचे खासगी वर्ग निघाले. वेस्ट मांबलममध्ये कालपर्यंत जेथे टंकलेखनाची टकटक ऐकू येई, तेथे कोबोलच्या जाहिराती झळकू लागल्या. वडिलांनी बोटांना लावलेली कळफलकाची सवय मुलाच्या उपयोगी पडली, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

मागणी इतकी वाढली की अमेरिकेने व्हिसाची मर्यादा आधी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० केली. चेन्नईत १९९४ मध्ये आजच्या कॉग्निझंट कंपनीची सुरुवात झाली. २००० साली तरमणी येथे टायडल पार्क ही प्रचंड इमारत उघडली. ज्या घरातील वडिलांनी चाळीस वर्षांत कचेरीचे एकच टेबल बदलले, त्या घरातील मुलगा चोविसाव्या वर्षी डेट्रॉईटला निघाला. त्याला शिष्यवृत्ती लागली नाही, वशिला लागला नाही आणि घर गहाण ठेवावे लागले नाही.

येथवर गोष्ट मुलांची झाली. खरा बदल त्यापुढचा आहे, आणि तो बाळंतपणाने घडवला.

परदेशी गेलेला मुलगा दोन-तीन वर्षांत सुट्टीवर येई, पंधरा दिवसांत लग्न उरके आणि पत्नीला घेऊन परत जाई. पुढे बाळाची चाहूल लागे. अमेरिकेत बाळंतिणीला दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात. घरात ना सासू, ना आई, ना तेल लावणारी बाई. नोकरांचा आणि पाळणाघराचा खर्च परवडत नाही. अशा वेळी एकच उपाय, आईला बोलवायचे. पहिल्या खेपेला मुलीची आई जाई. तिचे सहा महिने संपत आले की मुलाचे आई-वडील जात. दोन्ही घरांनी वर्ष वाटून घेतल्याने बाळ वर्षाचे होईपर्यंत सांभाळले जाई. ज्या बायकांसाठी परदेश हा शब्द कथाकादंबऱ्यांतला होता, त्या अशा रीतीने पाळणा हलवायला समुद्रापार गेल्या. त्यांचे हे जाणे सहल नव्हते. बाळंतपण करायला माहेरवाशिणीच्या घरी जावे, तशाच त्या गेल्या. फक्त घर तेरा हजार किलोमीटर दूर होते.

त्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी अण्णा सालैवरील अमेरिकन वकिलातीत मुलाखत. जेमिनी उड्डाणपुलाजवळच्या या इमारतीबाहेर पहाटेपासून रांगा लागत. येथे कायद्याचा एक मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेचा कायदा पर्यटक म्हणून अर्ज करणाऱ्या प्रत्येकाबद्दल असे धरून चालतो, की हा तेथेच राहणार. परत येईन हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. म्हणून निवृत्त कारकून आपल्या पिशवीत घराची कागदपत्रे, निवृत्तिवेतनाचे पुस्तक, बँकेतील ठेवींच्या पावत्या आणि धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे आहे हे सांगणारे उत्तर, असे सारे घेऊन जाई. ज्याने आयुष्यभर इतरांचे अर्ज तपासले, तो आता खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा असे. नवससायासही होत. हैदराबादजवळच्या चिलकूर येथील बालाजीला लोक 'व्हिसा बालाजी' म्हणू लागले. मनोरथ धरताना अकरा आणि तो फळल्यावर एकशेआठ प्रदक्षिणा घालण्याची तेथे प्रथा पडली.

व्हिसा मिळाला की सामान. दोन पेट्या, प्रत्येकीचे वजन ठरलेले. पूर्वी बत्तीस किलो चालत, पुढे तेवीसच झाले. तेव्हा वजनकाट्यावर पेटी चढवून एकेक पुडी काढावी लागे. सांबाराची पूड, रसमची पूड, अप्पळम, उन्हात वाळवलेले वडाम, फिल्टर कॉफी आणि बाळंतिणीसाठी प्रसव लेहियम. महाराष्ट्रातील आजीच्या पेटीत याच जागी मेतकूट, भाजणी आणि डिंकाचे लाडू असतात. फळे, बियाणे, मांस नेण्यास तेथे बंदी. बाकी खाद्यपदार्थ आहेत असे अर्जात प्रामाणिकपणे लिहायचे, ही सूचना मुलगा दूरध्वनीवरून दहा वेळा करी.

विमान बहुधा मध्यरात्रीनंतर सुटणारे आणि मध्ये फ्रँकफर्ट किंवा लंडनला बदलायचे. एकट्या निघालेल्या, इंग्रजी न येणाऱ्या बाईने तेथील अवाढव्य विमानतळावर दुसरे विमान कसे शोधावे? यावर घरोघरी एक युक्ती निघाली. तिकिटाबरोबर चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवायची. पाय धडधाकट असले तरी हरकत नाही. खुर्ची ढकलणारा कर्मचारी थेट पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. विमान कंपन्यांना ही युक्ती चांगलीच माहीत झाली आहे. भाषा न येण्याच्या अडचणीवर पायांच्या अडचणीचा उपाय लागू पडला; कोणी त्याला लबाडी म्हणेल, पण त्या खुर्चीने किती बायकांना जगप्रवास घडवला याचा हिशेब मांडला तर तसे म्हणवणार नाही. जवळ एक कागदही असे: माझे नाव हे, मला इंग्रजी येत नाही, मी शाकाहारी आहे, मला अमुक गावी जायचे आहे, मुलाचा क्रमांक हा. नऊवारीसारखे नेसायचे मडिसार घरी ठेवून, विमानासाठी सहावारी आणि पायांत कापडी बूट, असा वेष करून त्या निघत.

तिकडे पोहोचल्यावरचे दिवस सारखे नसतात. पहिला महिना नवलाईत जातो. नायगारा पाहिला जातो. पिट्सबर्गचे व्यंकटेश्वराचे देऊळ, न्यूयॉर्कमधील फ्लशिंगचे गणपतीचे देऊळ होते. ही दोन्ही देवळे सत्तरच्या दशकात, आधी गेलेल्या भारतीयांनी उभारली. मग घर सकाळी आठला रिकामे होते. रस्त्यावर चालणारे कोणी दिसत नाही, गाडी चालवता येत नाही, शेजारी कोण ते कळत नाही. हिवाळा असेल तर दारही उघडवत नाही. बाळाला मांडीवर घेऊन आजी खिडकीतून बर्फ पाहते. आजोबांची वर्तमानपत्राची आणि स्थानकापर्यंत फेरी मारण्याची सवय तुटते. आजारी पडण्याची भीती तर सतत असते, कारण तिकडचा औषधोपचार महाग आणि पाहुण्यांसाठीच्या विम्यात जुन्या विकारांचा समावेश बहुधा नसतो. मधुमेहाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या म्हणूनच पेटीत असत. तरीही परत आल्यावर मंडपातील बैठकीत सांगितल्या जातात त्या नायगाराच्या गोष्टी. खिडकीच्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत.

मुलाच्या घरातही एक व्यक्ती अशीच खिडकीशी बसलेली असे. एच-वन-बी व्हिसाधारकाच्या पत्नीला 'एच-फोर' व्हिसा मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते, पण नोकरी करता येत नसे. पत्नी स्वतः अभियंता असली तरी वर्षानुवर्षे घरी बसून राही. २०१५ च्या मे महिन्यापासून यांतील काही स्त्रियांना, म्हणजे ज्यांच्या पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचला आहे त्यांना, कामाची परवानगी मिळू लागली. एका व्यक्तीचे करिअर घडताना दुसरीचे थांबले, ही या प्रवासाच्या खर्चातील एक मोठी रक्कम आहे आणि ती जमाखर्चात सहसा लिहिली जात नाही.

इकडे वेस्ट मांबलमचे रूप पालटले. जुन्या आवारांच्या जागी तीन-चार मजली इमारती उठल्या. सामाईक विहिरीची जागा वाहनतळाने घेतली. बऱ्याच सदनिकांत दोनच माणसे, दोघांचीही वये सत्तरीपुढे. पूर्वी परदेशी दूरध्वनी करायचा तर मिनिटामिनिटाचे दर मोजावे लागत. एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास भारतात कायदेशीर मुभा मिळाली, मग पडद्यावर नातवाचे तोंडही दिसू लागले. पण पडद्याला मर्यादा असते. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नईत महापूर आला. वेस्ट मांबलमसारख्या सखल भागात घरांत पाणी शिरले, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. अमेरिकेतील मुले रात्रभर संगणकासमोर बसून आई-वडिलांच्या गल्लीत कोणी पोहोचू शकेल का, हे अनोळखी लोकांना विचारत होती. ज्या तंत्रज्ञानाने त्यांना तिकडे नेले त्याचाच धागा त्या रात्री तुटला होता. त्या वेळी वरच्या मजल्यावरचा शेजारीच कामी आला.

'सामान्य भारतीय कुटुंब' हा शब्दप्रयोगही जरा तपासून घेतला पाहिजे. वेस्ट मांबलमचा कारकून श्रीमंत नव्हता हे खरे. परंतु त्याच्या घरात तीन पिढ्यांचे अक्षरज्ञान होते, इंग्रजी वर्तमानपत्र येत होते आणि मुलाला शिकायला वेळ होता. त्याच गल्लीतील इस्त्रीवाल्याच्या वा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला पहिल्या लाटेत हे दार उघडले नाही. पुढे आरक्षण, शैक्षणिक कर्ज आणि गावोगावची महाविद्यालये यांमुळे शेतकऱ्यांची, विणकरांची मुलेही या उद्योगात आली आणि त्यांच्या आयांनीही विमान पाहिले. ही दुसरी लाट पहिलीपेक्षा हळू आली. महाराष्ट्रातही क्रम असाच दिसतो: आधी पुण्याच्या पेठा, कोथरूड आणि डोंबिवली, नंतर हिंजवडीत कामाला येणारी बीड, लातूर, जळगावची मुले.

शिक्षणाचा आणि पारपत्राचा आणखी एक संबंध आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' असा शेरा येतो आणि आखातासह ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारी परवानगी घ्यावी लागते. परक्या देशात अशिक्षित कामगाराची फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू. दहावीचे प्रमाणपत्र जोडले की हा शेरा लागत नाही. पूर्वी यासाठी त्याहून अधिक शिक्षणाची अट होती, ती २००७ मध्ये दहावीवर आली. पन्नाशी ओलांडलेल्यांनाही यातून सूट आहे. पारपत्र काढणेदेखील पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. २०१० पासून उघडलेल्या पासपोर्ट सेवा केंद्रांचे संगणकीय काम टाटा कन्सल्टन्सीकडेच आहे. ज्या उद्योगाने पारपत्रांची मागणी वाढवली, त्यानेच ती देण्याची व्यवस्थाही उभारली.

चलनाचीही बंधने सैल झाली. 'फेरा'च्या जागी १९९९ चा 'फेमा' कायदा आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक नागरिकाला वर्षाला २५,००० डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा दिली. २०१५ पासून ही मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. मुलाकडे जाऊन भीड चेपलेले आई-वडील पुढे स्वतःच्या पैशाने सिंगापूर, युरोप पाहायला निघाले. पर्यटन कंपन्यांनीही त्यांच्यासाठी पोळी-भाजीची वा सांबार-भाताची सोय केली.

तथापि हे दार कोणाच्या हातात आहे, ते विसरता येत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतील इंटरनेट कंपन्या बुडाल्या तेव्हा कित्येक प्रोग्रामर पेट्या भरून परतले. २००४ पासून व्हिसाची मर्यादा पुन्हा ६५,००० झाली. अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढेच. नोकरी गेली तर नवी शोधायला साठ दिवस मिळतात. कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे विमाने थांबली आणि मुलांकडे गेलेले वृद्ध तिकडेच अडकले. मे महिन्यापासून 'वंदे भारत' मोहिमेतील विमानांनी त्यांना टप्प्याटप्प्याने आणले. साथीनंतर, २०२२ मध्ये, पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीची तारीख दोन वर्षांनंतरची मिळत होती; तोवर नातू चालायलाही लागला असता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावल्याची घोषणा केली. मुले आता जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांचाही विचार करतात. कॅनडात स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांसाठी 'सुपर व्हिसा' आहे आणि २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र पाच वर्षे घर बंद ठेवायला वेस्ट मांबलममधील कोणी सहजासहजी तयार होत नाही.

सहा महिन्यांसाठी मात्र घर बंद ठेवण्याची एक रीतच पडून गेली आहे. दुधवाल्याला आणि वर्तमानपत्रवाल्याला सांगायचे, गॅस बंद करायचा, देवघरातील मूर्ती नातलगांकडे पोहोचवायच्या, किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची आणि तुळशीला पाणी घालायला सांगायचे. परतीची तारीख ठरवताना पूर्वी एक गोष्ट पक्की असे. निवृत्तिवेतन चालू राहायचे तर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागे. तेव्हा नातवाचा वाढदिवस डिसेंबरात असला तरी आजोबा ऑक्टोबरातच विमानात बसत. नोव्हेंबर २०१४ मध्ये हा दाखला संगणकावरून देण्याची 'जीवन प्रमाण' योजना सुरू झाली. मांबलमहून तांबरमकडे जाणारी लोकल तिरुसूलमला थांबते आणि रस्त्यापलीकडे विमानतळ आहे. पण दोन पेट्या आणि मध्यरात्रीची वेळ असल्यामुळे म्हातारी माणसे टॅक्सीनेच जातात. शेजारी किल्ली घेऊन फाटकापर्यंत येतो.